गुडघेवाले आबा

भालचंद्र काशिनाथ शिंगोटे हे नाव फक्त लाइटबिलावर यायचं. बाकी सगळीकडे तो बंडू होता, चोपन्नाव्या वर्षीही. रबाळ्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो स्टोअर्स सांभाळायचा. चिठ्ठी आली की नट द्यायचा, चिठ्ठी आली की बोल्ट द्यायचा. चिठ्ठी आणणारा त्याच्याकडे न बघता बोलायचा आणि बंडूही चिठ्ठीकडे बघूनच उत्तर द्यायचा. तीस वर्षांत त्याला कुणी त्याचं मत विचारलं नव्हतं. एकदा कॅन्टीनमध्ये ‘उपमा की पोहे’ असं विचारलं होतं, पण तो ठरवेपर्यंत पोहे संपले.

या बंडूच्या वाट्याला वर्षातून एक दिवस मात्र वेगळा यायचा, धुळवडीचा. त्या दिवशी जुन्नर, भोसरी, खारघर अशा ठिकाणांहून शिंगोट्यांचे अख्खे भाऊबंद त्याच्या नेरूळच्या दोन खोल्यांत येऊन दाटायचे. चपला जिन्यानं खालच्या मजल्यापर्यंत उतरायच्या. कारण घराण्याच्या वीराचा टाक बंडूच्या देव्हाऱ्यात होता. लढाईत पडलेल्या पूर्वजाची प्रतिमा पत्र्यावर ठोकून देवांत ठेवायची, तो टाक. तो थोरल्या पातीकडे राहतो. बंडू थोरल्या पातीचा होता. यात त्याचं कर्तृत्व काहीच नव्हतं, पण ज्या गोष्टीत आपलं कर्तृत्व नसतं तीच माणूस जिवापाड जपतो.

शिंगोट्यांचा टाक इतरांच्या टाकांसारखा नव्हता. इतरांचे तळहाताएवढे, पातळ. हा सोन्याचा, शर्टाच्या बटणाएवढा, कडेनं वेडावाकडा आणि चांगला जड. त्यावर एक दाढीवाला वीर. डोक्याला कंगोऱ्यांचं मुंडासं, एका हातात धनुष्य, दुसऱ्या हातात भाला आणि एक गुडघा जमिनीला टेकलेला. त्यांना सगळे ‘आबा’ म्हणत. कथा अशी होती की कुठल्याशा घाटाच्या लढाईत आबांच्या गुडघ्यात बाण घुसला, तरी ते तसेच गुडघ्यावर रांगत शत्रूच्या अंगावर गेले. लढाई कुठली आणि शत्रू कोण हे दर पिढीत बदलायचं, गुडघा तेवढा कायम होता.

म्हणून धुळवडीला शिंगोट्यांचा वीर लंगडत नाचवतात. थोरल्या पातीच्या कर्त्या पुरुषानं खोबऱ्याच्या वाटीत आबांना ठेवायचं, वर तांबडं फडकं बांधायचं, वाटी छातीशी धरायची आणि विझत आलेल्या होळीभोवती लंगडत पाच फेरे घालायचे. मागून बाकीचे सगळे लंगडत. बंडूच्या सोसायटीत होळी पार्किंगमध्ये पेटायची, त्यामुळे पस्तीस-चाळीस माणसं गाड्यांच्या मधून एकाच पायानं लंगडत चालली आहेत हे दृश्य सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नवा वॉचमन आला की पहिल्या वर्षी घाबरायचा, एवढंच.

आणि फेरे झाले की प्रत्येकानं बंडूच्या पाया पडायचं. रावसाहेबांनीसुद्धा. रावसाहेब म्हणजे बंडूचे चुलतभाऊ, वयानं तीन वर्षांनी मोठे, पण धाकट्या पातीचे. गावाकडे वीटभट्टी, खारघरला बंगला, मनगटावर कुत्र्याच्या पट्ट्याएवढं घड्याळ. वर्षभर ते बंडूला “काय बंडू, चाललंय का नट-बोल्ट?” एवढंच विचारायचे. धुळवडीला मात्र वाकायचे. वाकताना त्यांच्या गुडघ्याचा कट्ट असा आवाज व्हायचा. बंडूला तो आवाज वर्षभर पुरायचा.

शिंगोट्यांचे सगळ्यांचेच गुडघे वाजत. ते आबांचं देणं समजलं जाई. ही गोष्ट सोसायटीत पसरली आणि हळूहळू शेजारच्या बायकाही गुडघे घेऊन येऊ लागल्या. बंडू आबांच्या अंगावरचं तीर्थ चमच्यानं द्यायचा. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंना खरोखर उतार पडला. त्यांनी त्याच आठवड्यात लिफ्ट दुरुस्त झाली हे सांगितलं नाही. तेव्हापासून आबांचं नाव ‘गुडघेवाले आबा’ पडलं.

बंडू रोज सकाळी कामाला जाण्याआधी आबांना अंघोळ घालायचा, वाटीतल्या तांदळांवर कलते करून बसवायचा आणि पुढे चहाची कपबशी ठेवायचा. मग अगदी जवळ वाकून म्हणायचा, “आबा, उठा. चहा झालाय.” जवळ वाकावं लागायचं, कारण आबा फार लहान होते. त्याच वेळी सकाळचं ऊन खिडकीच्या जाळीतून येऊन त्या बटणाएवढ्या सोन्यावर क्षणभर टेकायचं आणि निघून जायचं. बंडू आबांना कालचा दिवस सांगायचा. किती वॉशर गेले, कोण काय बोललं. बंडूची डावी नाकपुडी लहानपणापासून चोंदलेली होती, त्यामुळे बोलताना एकाच बाजूनं शिटीसारखा श्वास यायचा. बायको नंदिनी स्वयंपाकघरातून म्हणायची, “आबांना सर्दी करून ठेवाल एखाद दिवशी.”

सगळं असं सुरळीत चाललं असताना ऋता आली.

ऋता ही रावसाहेबांची नवी सून, निशांतची बायको. पुण्यात पुरातत्त्व शिकलेली आणि मुंबईतल्या एका संग्रहालयात जुन्या नाण्यांच्या कपाटांपाशी काम करणारी. लग्नानंतर आबांच्या पाया पडायला तिला आणलं, ते संक्रांतीच्या सुमारास. तिनं हळदीकुंकू वाहिलं, वाकली आणि वाकलेलीच राहिली. नंदिनीला वाटलं पाठ धरली.

“काका,” ऋता म्हणाली, “मी यांना हातात घेऊ?”

“घे की. तुझेही पूर्वजच झाले आता.”

तिनं आबांना बोटांच्या टोकांवर धरलं, पालथं केलं. मागच्या बाजूला एक लांबट खळगा होता.

“हा खड्डा...”

“टाक मागनं पोकळच असतो,” बंडू समजावून सांगू लागला. त्याला समजावून सांगायची संधी क्वचित मिळायची.

“टाक पत्र्याचा असतो काका. हे भरीव आहे. हा ठोकताना बसलेल्या ठशाचा खळगा आहे.” तिनं आबांना नंदिनीच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग फार हळू आवाजात, आजारपणाची बातमी सांगावी तसं, ती म्हणाली, “हे नाणं आहे. इराणच्या हखामनी घराण्यातल्या राजांचं. डॅरिक म्हणतात याला. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं.”

“म्हणजे आपले आबा इराणला जाऊन आले होते?” नंदिनीनं विचारलं.

“आबा इराणचे राजे होते, काकू.”

कुकरची शिटी झाली. कुणी उठलं नाही.

“जुन्नरला कसे आले पण?” बंडूला एवढंच सुचलं.

“नक्की कुणीच सांगू शकणार नाही. नाणेघाटातून पूर्वी परदेशी माल यायचा-जायचा. कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीतून पडलं असेल. मग तुमच्या एखाद्या आजोबांच्या नांगराला लागलं असेल आणि त्यांना वाटलं असेल, हे आपले कुणीतरी आहेत.”

“आणि गुडघा?”

ऋतानं नाणं खिडकीपाशी नेलं आणि बंडूला बोटानं दाखवलं. “जखम नाहीये काका. त्या काळी धावणारा माणूस असाच कोरायचे, एक गुडघा वाकवून. ते रांगत नाहीत. ते धावतायत.”

बंडूनं त्या दिवशी प्रथमच आबांकडे चष्मा लावून पाहिलं. खरंच, माणूस घाईत दिसत होता.

त्यानंतर दोन दिवस नंदिनीनं आबांना तांदळाच्या डब्यात लपवलं. आता त्यांची किंमत कळली होती ना. तिसऱ्या दिवशी भात लावताना ते कुकरमध्ये जाता जाता वाचले, तेव्हा पुन्हा देव्हाऱ्यात आले.

बातमी ‘शिंगोटे परिवार’ ग्रुपवर गेली आणि रावसाहेबांचा लांबलचक मेसेज आला. बंडूनं तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला. सारांश असा होता की इतकी वर्षं आपण परक्या माणसाला वीर म्हणून नाचवलं, ते झालं ते झालं. आता त्यांनी स्वतः चांदीचा, चांगला परातीएवढा टाक करायला टाकला आहे. त्यावर घोडा असेल. यापुढे वीर खारघरला त्यांच्या बंगल्याच्या आवारात नाचवला जाईल, तिथं पार्किंगही भरपूर आहे. नाणं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. शेवटी लिहिलं होतं, ‘बंडूची दगदग वाचेल.’

बंडूनं सवयीनं त्या मेसेजखाली अंगठा पाठवला. ग्रुपवर तो अंगठ्याशिवाय काही पाठवतच नसे. वाढदिवसाला अंगठा, बारशाला अंगठा, एकदा तर कुणाच्या दहाव्यालाही अंगठा गेला होता.

“अहो, तुम्ही होकार दिलात!” नंदिनी ओरडली.

“मी वाचलं असं कळवलं.”

“सगळ्यांनी हात जोडले बघा. रावसाहेबांनी आभार मानलेत तुमचे!”

बंडू गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली पार्किंगमध्ये होळीची जागा रिकामी होती, दर वर्षीच्या राखेनं तिथली फरशी काळपट पडली होती. धुळवडीला आता त्यानं खारघरला जायचं, चाळिसांच्या रांगेत लंगडायचं आणि शेवटी रावसाहेबांच्या पाया पडायचं. आणि परतल्यावर देव्हाऱ्यातल्या तांदळांत तेवढा एक खळगा. सकाळी चहा झालाय हे कुणाला सांगायचं?

पण त्याआधी त्याला आणखी एक गोष्ट टोचत होती. आबांचे काय हाल झाले असतील? इराणचा राजा माणूस. त्याला आपण पिढ्यान् पिढ्या कटाची आमटी पाजली. वर पुरणपोळी. बिचारा बोलला नाही कधी.

शनिवारी कारखान्यातून सुटल्यावर तो वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये गेला. सुक्या मेव्याच्या ओळीत एका पेढीवर गादीला टेकून पोपटशेठ नावाचे सत्तरीचे व्यापारी बसले होते. मागे इराणी पिस्त्यांची पोती छतापर्यंत लागलेली.

“पाव किलो पिस्ते द्या. इराणी,” बंडू म्हणाला.

“इथं पोतं मिळतं साहेब. पाव किलो तुमच्या नाक्यावर घ्या.”

“नाक्यावरच्याला माहीत नसतं हो. मला विचारायचंय, इराणी माणसाला काय आवडतं?”

“पाहुणे आलेत?”

“घरचेच आहेत. इराणचे आहेत ते आत्ता कळलं.”

पोपटशेठनी हिशेबाची वही मिटली. “वय काय त्यांचं? दातांचं बघावं लागतं ना. खारा पिस्ता कडक असतो.”

“अडीच हजार.”

“वर्षं?”

“थोडं इकडेतिकडे.”

पोपटशेठनी क्षणभर विचार केला. बाजारात पन्नास वर्षं बसलेला माणूस गिऱ्हाइकाला हसत नाही. “मग खजूर न्या,” ते म्हणाले. “मऊ असतो.”

चहा आला आणि बंडूनं सगळं सांगितलं. पोपटशेठ तरुणपणी दोन वर्षं इराणमध्ये बंदर अब्बासला एका व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळायला होते. बंडू स्टोअर्सला आहे म्हटल्यावर त्यांनी त्याचा हात हातात घेतला. “म्हणजे आपण एकाच धंद्यातले. गोदामवाल्याला कुणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं माल आपोआप आत राहतो.” निघताना त्यांनी खजुराचा डबा आणि दोन ओंजळी पिस्ते तसेच दिले, आणि फोन नंबरही. “राजेसाहेबांना माझा सलाम सांगा.”

“आबांना पिस्ते,” नंदिनी त्या संध्याकाळी म्हणाली. “आणि मी गेल्या दिवाळीत चारोळी सांगितली तर तुम्ही शेंगदाणे आणलेत.”

होळीच्या आदल्या रविवारी रंगूबाई आत्या आल्या. शिंगोट्यांत वयानं सगळ्यात मोठ्या, त्र्याऐंशी वर्षांच्या. बंडूच्या आणि रावसाहेबांच्याही आत्या. ग्रुपवरचं कारस्थान त्यांना उशिरा कळलं होतं, कारण त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. त्यांनी रावसाहेबांनाही बोलावून घेतलं. ते निशांत आणि ऋताला घेऊन आले. येताना नव्या टाकाचा फोटो फ्रेम करून आणला होता.

“घोडा चांगलाय,” आत्या म्हणाल्या. “पन ह्यो वर बसलेला तुझ्यावानी दिसतोय रावसाहेबा.”

“कारागिरानं माझा फोटो बघून केलाय आत्या. घराण्याचा चेहरा यायला पाहिजे ना.”

“आन् मिश्या?”

“त्या जरा वाढवल्यात.”

बंडू भिंतीला टेकून उभा होता. आत्यांनी त्याच्याकडे मान वळवली. “बंडू, तुजं काय म्हननं हाय?”

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघू लागले. प्रश्न सरळ होता. बंडूनं तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, “चहा ठेवू का?”

“बघा,” रावसाहेब म्हणाले. “त्याची हरकत नाही. अंगठा दिलाय त्यानं.”

“अंगठा ऱ्हाऊ दे बाजूला. ज्याला न्यायचं त्याला इचारा. आबाला कौल लावा.”

कौल म्हणजे देवाच्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडे पडली तर एक उत्तर, डावीकडे पडली तर दुसरं. ठरलं असं की उजवीकडे पडली तर आबा इथंच राहणार आणि वीरही इथंच नाचणार. डावीकडे पडली तर लॉकर आणि खारघर. पंखा बंद केला. शेवंतीची पाकळी आबांच्या मुंडाशापासून गुडघ्यापर्यंत पुरली.

“उजवा कुणाचा? आपला की आबांचा?” निशांतनं विचारलं.

“देवाचा उजवा असतो. एवढं शिकवावं लागतं व्हय?”

“पण आबा तर आडवे बघतायत.”

यावर थोडा वाद झाला. ऋतानं निवाडा दिला की आबा आपल्याकडे तोंड करून बसले आहेत असं धरून चालू. म्हणजे त्यांचा उजवा तो आपला डावा.

आत्यांनी हात जोडले. तेवढ्यात रावसाहेबांनी घसा खाकरला. “थांबा. माझा एक मुद्दा आहे. आबा इराणचे, हे आता सिद्ध झालंय. मग त्यांना मराठी कळतं कशावरून? न कळलेल्या प्रश्नाला दिलेला कौल मी मानणार नाही.”

ऋतानं हसू आवरायला ओढणी तोंडात धरली. पण आत्या गंभीर झाल्या. मुद्दा बिनतोड होता. आतापर्यंतचे सगळे कौल आबांनी न समजता दिले की काय? चाळीस सालातलं आत्यांचं बारसं, त्यातलं नाव, पुढं लग्न, सगळं?

तेव्हा बंडू भिंतीपासून सुटला. “माझ्या ओळखीचे एक आहेत,” तो म्हणाला, “फारसी बोलतात.”

रावसाहेबांनी असा चेहरा केला, जणू देव्हाऱ्यानंच जांभई दिली होती.

व्हिडिओ कॉल लागला. पोपटशेठ रविवारचे घरी होते, पण पूजेचं काम आहे म्हटल्यावर टोपी घालून आले. बंडूनं फोन देव्हाऱ्यासमोर तांब्याला टेकवून उभा केला.

“एक सांगतो,” पोपटशेठ फोनमधून म्हणाले, “माझी फारसी गोदामातली आहे. माल कधी येणार, भिजला का, पोती मोजली का, एवढंच येतं. घर, घराणं, असं काही येत नाही.”

“चालेल,” आत्या म्हणाल्या. “मतलब कळल्याशी कारन.”

पोपटशेठनी डोळे मिटून शब्द गोळा केले आणि मोठ्यानं विचारलं, “आगा! अंबारे कोहने? या अंबारे नौ?”

“काय विचारलंत?” रावसाहेब.

“विचारलं, मालक, जुनं गोदाम की नवं गोदाम?”

सगळे पाकळीकडे बघत राहिले. पाकळी हलली नाही.

“पुन्हा विचारा.”

पुन्हा विचारलं. मग पोपटशेठनी स्वतःहून माल भिजला का हेही विचारून पाहिलं. पाकळी ढिम्म. पाचव्या मिनिटाला फोन घसरला आणि पोपटशेठना सगळ्यांऐवजी छत दिसू लागलं, तरी ते छताला विचारत राहिले, “आगा! कोहने? नौ?”

“राजेलोक आहेत,” निशांत म्हणाला. “गोदामाचं विचारलेलं आवडलं नसेल.”

“किंवा कौल द्यायचाच नाहीये त्यांना,” रावसाहेब उठत म्हणाले. “झालं तर मग. अंगठा कायम. बंडू, वाटीसकट दे. गाडीत ठेवतो.”

वाटी द्यायची म्हणजे आबांना उचलायचं, आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता उचलायचं बंडूला जमेना. सकाळच्या गडबडीत त्यांचा चहाही राहून गेला होता. तो देव्हाऱ्यापाशी गेला, रोजच्यासारखा वाकला, अगदी जवळ, आणि सवयीनं म्हणाला, “आबा, उठा. चहा झालाय.”

पाकळी पडली. सरळ, स्वच्छ, आबांच्या उजवीकडे.

“मराठी कळतंय!” आत्या ओरडल्या. “बगा, कळतंय! मेला माझ्या बापाच्या बापाच्या आधीपासनं आपल्यात हाय, त्याला भाषा येनार न्हाई व्हय?”

“कुठं पडली?” छताकडे बघणारे पोपटशेठ विचारत होते. “जुनं की नवं? अरे, कुणीतरी सांगा!”

“पण प्रश्न कुठं विचारला त्यानं?” रावसाहेब म्हणाले. “चहाचं सांगितलं नुसतं!”

“चहा कुठं झालाय? हितंच न्हवं? मग आबा म्हनतायत, हितंच पितो.”

रावसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं, पंखा बंद होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, खिडकी नंदिनीनं सोयीस्करपणे आधीच लावली होती.

चहा खरंच ठेवायला बंडू स्वयंपाकघरात गेला, तर मागोमाग ऋता आली. तिनं साखरेचा डबा पुढे केला आणि हळूच म्हणाली, “काका, मी शेजारीच उभी होते. तुमचा श्वास लागला पाकळीला.”

“लागला असेल. रोजच वाकतो मी.”

“एकाच नाकपुडीतून येतो का हो तुमचा श्वास?”

“उजवी. डावी चोंदलेली असते लहानपणापासून.”

“म्हणजे पाकळी त्यांच्या उजवीकडेच जाणार होती.”

बंडूनं आधणात साखर टाकली. पाणी उकळायला लागलं होतं. “मला नाही गं एवढं सुचत,” तो म्हणाला. “सुचलं असतं तर मघाशी आत्यांना उत्तर दिलं असतं.”

ऋतानं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग आल्याचा तुकडा घेऊन किसायला लागली. “संग्रहालयासाठी अहवाल लिहीन, त्यात हे श्वासाचं नाही लिहिणार,” ती म्हणाली. “फोटो मात्र काढून ठेवते आबांचे. आणि देव्हाऱ्याला चांगलं कुलूप करा, काका.”

धुळवडीला जिन्यात चपला आल्या. पोपटशेठही आले, पिस्त्यांची पिशवी घेऊन, आपल्याला दुभाषा म्हणून बोलावलं आहे असं समजून. पार्किंगमध्ये राखेतून धूर निघत होता. बंडूनं खोबऱ्याच्या वाटीत आबांना ठेवलं, शेजारी एक खजूर ठेवला, तांबडं फडकं बांधलं आणि वाटी छातीशी धरली. मागे भाऊबंदांनी एकेक पाय आखडून घेतला. रावसाहेब रांगेत दुसरे होते, घड्याळ कोपरापर्यंत वर सरकवून.

बंडूनं उजवा पाय टेकला आणि डावा लंगडता टाकायला उचलला. फडक्यातून ते बटणाएवढं वजन त्याला लागत होतं. ‘ते धावतायत,’ त्याला आठवलं. इतकी वर्षं धावणाऱ्या माणसाला आपण लंगडत नेलं.

तो धावू लागला.

रांग जागच्या जागी एका पायावर डुगडुगली. मग आत्या खुर्चीतून ओरडल्या, “आरं, बगता काय! वीर चालला की!” आणि शिंगोटे धावले. दोन स्कूटर पडल्या. वॉचमननं शिटी वाजवली आणि काय झालंय ते न कळून तोही धावला. पोपटशेठ गोदामातलं होतं नव्हतं ते सगळं फारसी ओरडत होते. चाळीस माणसांचे ऐंशी गुडघे कटाकट वाजत होते आणि सगळ्यांच्या पुढे, शर्ट बाहेर आलेला, एका नाकपुडीनं शिटी वाजवत, बंडू होता.

पाचव्या फेऱ्याअखेर तो थांबला. रावसाहेब त्याच्यावर आदळले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ धापा टाकत राहिले आणि मग पाया पडण्यासाठी वाकले. कट्ट.

त्यांना परत वर येता येईना.

“तसेच थांबा दादा,” बंडू म्हणाला. “तीर्थ आणतो.”